मोरचुदाचं पाणी

बादलीच्या तळाशी मोरचुदाचे खडे पडले होते आणि त्यांच्याभोवती दोन बोटं उंचीचा गडद निळा थर साचला होता. त्याच्या वरचं पाणी जवळजवळ बिनरंगी होतं. दोन्हींच्या मधली रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. दीपमालानं घड्याळ पाहिलं. आबांनी खडे टाकून पाऊण तास झाला होता आणि सगळ्यांत मोठा खडा अजून सुपारीएवढा होता.

"काहून गं, पाण्यात काय पाहून राहिली?" तिच्या वडिलांनी, संपतरावांनी विचारलं.

"खडे तसेच हैत, आबा."

"इरघळतात. टायम लागतो."

त्यांनी काठीनं बादली एकदा ढवळली, वरचं फिकट निळं पाणी मेंढरांच्या वाडग्याच्या दारातल्या लोखंडी डोणीत ओतलं आणि खाली उरलेले खडे पुढच्या खेपेसाठी बादलीतच राहू दिले. डोण म्हणजे पत्र्याचा लांबट, वीतभर खोल हौद. मेंढरं वाडग्यातून बाहेर पडताना त्यातून चालत जायची आणि त्यांचे खूर औषधाच्या पाण्यात भिजायचे. दर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खुरांच्या फटीत बसायचा, आत कूज लागायची आणि मेंढरू तीन पायांवर चालू लागायचं. त्यावर मोरचूद हे जुनं औषध होतं. संपतरावांचे वडीलही तेच वापरत.

गोरेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, पाचसहा घरांची ही वस्ती होती. संपतरावांकडे चौऱ्याहत्तर मेंढरं आणि तीन शेळ्या होत्या. दीपमालानं त्या शनिवारी वाडग्यात शिरून एकेक पाय उचलून पाहिला. एकतीस मेंढरं लंगडत होती. तिनं आकडा वहीत लिहून ठेवला. हिंगोलीला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाल्यापासून तिला ही सवय लागली होती. सेनगावला एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक होती, आठवडाभर तिथंच खोली करून राहायची आणि शनिवारी दुपारच्या जीपनं घरी यायची. जीप बहुतेक वेळा भावाचीच असे. शिवहार गोरेगाव ते सेनगाव फेऱ्या मारायचा.

मेंढरांमागे जायचं शिवहारनं चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. संपतराव सहासष्ट वर्षांचे झाले होते. दोन्ही गुडघे सुजायचे. बांधावर बसले की उठताना काठी आणि कुणाचा तरी खांदा लागायचा. कळप ठेवायचा की द्यायचा, हा प्रश्न घरात दोन वर्षं नुसता पडून होता. विषय निघाला की संपतराव म्हणायचे, "पाहू." कधी दिवाळीनंतर पाहू, कधी पेरणीनंतर पाहू.

घेणारे दोघं होते. एक अमृतराव. सेनगावच्या पलीकडचा मेंढपाळ, स्वतःची दीडशे मेंढरं राखणारा. तो जुन्या रिवाजानं चालायचा. विकत घेतलेलं जनावर गाडीत घालून न्यायचं नाही, आपल्या वाडग्यापर्यंत त्याच्या पायानं चालवत न्यायचं, आणि जे वाटेत बसेल ते परत करायचं. दुसरा हिंगोलीचा बेपारी. तो टेम्पो घेऊन यायचा, लंगडं-धडधाकट बघायचा नाही, सगळं उचलायचा. ती मेंढरं पुढं कुठं जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा शिवहारनं आपल्या मनानंच बेपाऱ्याला तारीख देऊन टाकली होती. पोळा झाला की दुसरा सोमवार. "आबा काही ठरवत न्हाईत," तो म्हणाला, "मग कुनी तरी ठरवावं लागतं." त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, अमृतराव शेवटचं बघून जाणार होता.

म्हणजे सहा आठवडे होते. तेवढ्यात पाय बरे झाले तर मेंढरं अमृतरावाकडे जातील, नाहीतर टेम्पोत चढतील. किंवा आबा ठेवून घेतील. दीपमालाला यातलं तिसरं हवं होतं, पण त्यावर तिचा इलाज नव्हता. पहिल्या दोन्हींमधला फरक मात्र एकतीस मेंढरांच्या खुरांवर होता, आणि तिथं काहीतरी करता येण्यासारखं होतं.

"आबा, उद्या डोण रिकामी करून नवं पानी मी कालवू?"

"कालव की. कॉलेजात तेच करती ना."

रविवारी सकाळी तिनं दुकानातून तीन किलो मोरचूद मोजून आणला. डोणीत साठ लिटर पाणी मावत होतं. शंभराला पाच, म्हणजे साठाला तीन. तिनं आईकडे जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला.

"फडकं कशाला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"पोटली बांधायला. खडे खाली पडू द्यायचे न्हाईत. पाण्यात वरच्या वर टांगायचे."

तिनं प्लास्टिकच्या पिंपावर आडवी काठी ठेवली आणि पोटली नुसती पाण्यात बुडेल अशी बांधली. लगेच पोटलीच्या खालून निळे धागे सुटले. ते वळत, हेलकावत सरळ तळाकडे जात होते. सत्यभामाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बघत उभ्या राहिल्या.

"खाली काहून जातंय ते?"

"मोरचूद खाल्लेलं पानी जड होतं. जड झालं की बुडतं. मग पोटलीपाशी नवं पानी येतं, ते पुन्हा खातं. खडा तळाशी असला की जड पानी त्याच्याभोवतीच बसून राहतं. त्याला आनखी घ्यायला जागा नसती, आन् हटतही न्हाई."

"मंजी पोट भरलेला पाव्हना," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जेवत न्हाई आन् पाटावरून उठत न्हाई."

दीपमाला हसली. कॉलेजात संपृक्त द्रावण समजावताना सरांनी पाऊण तास घेतला होता.

वीस मिनिटांत पोटली रिकामी झाली. पिंप वरपासून खालपर्यंत एकसारखं निळं झालं. तिनं त्यातलं थोडं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून, तारीख लिहून फळीवर ठेवलं. नमुना ठेवायचा म्हणून ठेवला, त्यामागे दुसरा विचार नव्हता. बाकीचं डोणीत ओतलं. मेंढरांना आधी साधं पाणी पोटभर पाजलं, म्हणजे ती डोणीतल्या पाण्याला तोंड लावणार नाहीत. मोरचूद पोटात गेला तर मेंढरू दगावतं.

म्होरकी शेळी डोणीच्या काठाशी थांबली. एवढं निळं पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती हलेना म्हणून मागची चौऱ्याहत्तर मेंढरंही हलेनात.

"तिला सांग, मॅडमनं केलंय," शिवहार जीप पुसता पुसता म्हणाला. "शिकलेल्या मानसाचं औषध हाय, गप जा म्हनावं."

शेवटी संपतरावांनी तिला कानाला धरून डोणीत घातलं. मग बाकीची धाडधाड गेली.

"आता आठ दिस हेच पानी," ते म्हणाले. त्यांची पद्धत तशीच होती. एकदा कालवलं की आठ दिवस तेच. कमी झालं तर वरून घागरभर साधं पाणी.

पुढच्या शनिवारी दीपमाला आली आणि चपला काढायच्या आधी वाडग्यात गेली. लंगडणारी तेहतीस होती.

संपतरावांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मिशीत हसले. "तुझ्या पोटलीनं दोन वाढविली गं."

"मोजून टाकलं होतं, आबा."

"मोजून काय करती? मालच भेसळीचा. पूर्वीचा मोरचूद खरा होता. आता बारा-पंधरा वर्सं झाली, गुनच येत न्हाई. दुकानदार बी बदलून पाह्यला म्या."

दीपमाला डोणीपाशी जाऊन बसली. पाणी शेवाळलेल्या टाक्यासारखं फिकट हिरवट दिसत होतं. तिला वाटलं, चिखलानं असेल, वरून ओतलेल्या साध्या पाण्यानं असेल. फळीवरची बाटली आणून तिनं डोणीशेजारी धरली. बाटलीतलं पाणी गेल्या रविवारी होतं तसंच गर्द निळं होतं. मोरचूद तोच, पाणी तेच, दिवस तोच. चिखल खाली बसतो आणि साध्या पाण्यानं निळा फिका होतो, हिरवा होत नाही. बदललं होतं ते एकच, भांडं.

तिनं डोणीच्या आतून बोट फिरवलं. बोटाला तांबूस लगदा लागला.

"ते खरवडू नको," संपतराव म्हणाले. "लोखंडानं औषध धरलंय. असं तांबडं झालं की समजायचं, पानी लागू झालं. म्या तर नवी डोण असली की आधी रंग धरू देतो, मग मेंढरं घालतो."

काय झालंय ते तिला आता पूर्ण समजलं होतं. बारावीच्या पोरांना दरवर्षी ती हाच प्रयोग मांडून द्यायची. मोरचुदात तांबं असतं. त्या पाण्यात लोखंड ठेवलं की लोखंड विरघळून पाण्यात जातं आणि पाण्यातलं तांबं बाहेर पडून लोखंडावर बसतं. खुरातली कूज मारायची ती पाण्यातल्या तांब्यानं. आबा ज्याला औषध लागू झाल्याची खूण म्हणत होते, ते औषध पाण्यातून निघून गेल्याची खूण होती. आणि तो रंग धरेपर्यंत ते थांबायचे.

"लोखंडाची डोण कधीपासून, आबा?"

"शिवहार नववीत होता तवा. बारा वर्सं झाली आसतील. गोरेगावच्या वेल्डरनं केली. पन हलकट हाय त्यो, पत्रा पातळ घालतो. दर दोन वर्साला तळाला भोकं, की नवी करावी लागती."

"त्याच्या आधी कशात कालवायचा?"

"दगडाची होती, बाबाच्या येळची. भंगली."

त्या संध्याकाळी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय हे ठरलेलं होतं. कसं, हे ठरेना. बापाला बारा वर्षांची चूक दाखवायची तर त्यांच्या डोळ्यांनीच दिसली पाहिजे, असं तिला वाटलं. तिनं काचेच्या दोन पेल्यांत बाटलीतलं निळं पाणी अर्धं अर्धं ओतलं. एकात शिवहारच्या डब्यातले मूठभर खिळे घासून टाकले. दुसरा तसाच ठेवला. दोन्ही ओसरीवर, संपतराव चहा पितात तिथं ठेवून दिले.

रविवारी सकाळी संपतराव चहा घेऊन बसले. बराच वेळ दोन पेल्यांकडे बघत राहिले. एक निळा होता. दुसऱ्यातलं पाणी हिरवट, जवळजवळ पांढरं झालं होतं आणि खिळ्यांवर तांबडा लगदा चढला होता.

"ह्यात काय टाकलं?"

"खिळे. बाकी काही न्हाई."

"मोरचूद दोन्हीत बराबर?"

"एकाच बाटलीतला."

त्यांनी पेल्यात बोटं घालून एक खिळा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि अंगठ्याच्या नखानं खरवडला. खालचा खिळा झिजून खडबडीत झाला होता. नंतर ते उठले, खांबाला धरून, आणि डोणीपाशी गेले. ती वाकडी करून पाणी सांडू लागले तेव्हा दीपमालानं त्यांना थांबवलं. ते पाणी विहिरीकडे जायला नको होतं. दोघांनी मिळून माळावर खड्डा केला आणि त्यात ओतलं. रिकाम्या डोणीचा तळ जाळीसारखा झाला होता.

"वेल्डरला उगाच शिव्या दिल्या," संपतराव म्हणाले.

"व्हय."

"दुकानदाराला बी."

तिनं डोण मुरमावर उपडी घातली.

"बारा वर्सं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लंगडी म्हनून दर साली धा-बारा टेम्पोत घातली म्या. ती समदी ह्याच्यापायी?"

दीपमालाला खोटं बोलता आलं असतं. तिनं नीट विचार करून उत्तर दिलं. "समदी न्हाई, आबा. काही बरी झालीच नसती. चिखल जास्त असला की औषध असूनही होतं." मग म्हणाली, "पन बरीच वाचली असती."

संपतरावांनी मान हलवली. दुपारी शिवहारला सांगितलं, "प्लास्टिकचा ड्रम आन. उभा चिरलेला. बहीन सांगल तसा."

"आता हे काय नवीन? सोमवारी बेपारी यायचा हाय, आठवतं ना?"

"पाच सोमवार हैत मधी," दीपमाला म्हणाली.

"तुला मेंढरं सोडवनार न्हाईत बघ."

"मला न्हाई. आबाला सोडवनार न्हाईत."

शिवहारनं ड्रम आणला. हळद धुवायला वापरलेला होता, कडा पिवळ्या होत्या. त्यानं स्वतःच करवतीनं तो उभा कापला, आत मेंढरं घसरू नयेत म्हणून काथ्याची चटई टाकली आणि म्हणाला, "ह्याचं भाडं मॅडमकडून वसूल करीन, पुढच्या सीटवर बसनं बंद."

मग रोजचं काम ठरलं. आधी खूर कापायचे, सडलेला भाग उघडा करायचा. ते संपतरावच करायचे. मेंढरू उलटं करून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचं तर गुडघ्यांत कळ यायची, पण दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नव्हता. मग साध्या पाण्याच्या हौदातून नेऊन चिखल धुवायचा. मग मोरचुदाच्या पाण्यात पाच मिनिटं उभं करायचं. मग मुरमाच्या कोरड्या जागेवर तासभर. पाणी दर तिसऱ्या दिवशी नवं. दीपमाला सेनगावला असली की पोटली सत्यभामाबाई बांधायच्या. त्या फोनवर सांगायच्या, "आज अठरा मिनिटांत जेवला पाव्हना."

दीपमाला दर शनिवारी मोजायची. तेहतीसची चोवीस झाली. पुढच्या आठवड्यात अकरा. पोळ्याच्या आठवड्यात पाच. एक म्हातारी मेंढी त्यात दगावली, ती खुरानं नाही, वयानं. दीपमालानं तेही लिहून ठेवलं.

संपतराव आकडा ऐकायचे आणि विडी पेटवायचे. बरं झालं असं एकदाही म्हणाले नाहीत. पण संध्याकाळी कळप परत येताना ते वाडग्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटून खुरांचा आवाज ऐकायचे. लंगड्या कळपाचा आवाज तुटक येतो, हे दीपमालाला त्यांच्याकडूनच कळलं.

"आता काही ते देत न्हाईत," सत्यभामाबाई चुलीपाशी हळूच म्हणाल्या. "बरी झाली म्हनल्यावर कशाला देतील?"

दीपमालालाही तसंच वाटत होतं. तिनं जे हवंय म्हणून मनात ठेवलं होतं ते आता होईल असं दिसत होतं, आणि तिला त्याची भीतीही वाटू लागली होती. मुरमावर मेंढरं हाकताना आबा दोनदा पडले होते. एकदा तर पडून तिथंच बसून राहिले होते, म्होरकी शेळी आपल्या आपण कळप घेऊन घरी आली तेव्हा कळलं. हे तिला शिवहारनं जीपमध्ये सांगितलं, पुढच्या सीटवर बसलेली असताना, रस्त्यावरची नजर न काढता. "मी बेपारी काहून बोलवला असंल? मला काय मेंढरांचं वैर हाय?" तो म्हणाला.

ठरलेल्या रविवारी अमृतराव आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, खांद्यावर घोंगडी. त्यानं चहाला हात लावला नाही. आधी कळप बघू म्हणाला. संपतरावांनी मेंढरं डांबरी रस्त्यावर काढायला लावली. शिवहारनं जीप आडवी लावून गाड्या थांबवल्या. त्र्याहत्तर मेंढरं रस्त्यावरून पुलापर्यंत गेली आणि परत आली. अमृतराव उकिडवा बसून फक्त पाय बघत होता.

"तीन मेंढ्या पाय धरतात," तो म्हणाला.

"दोन," दीपमाला म्हणाली. "तिसरीच्या खुरात खडा हाय."

अमृतरावानं ती मेंढी धरली, पाय उचलला, खडा काढून टाकला आणि दीपमालाकडे वळून बघितलं. "ही कोन?"

"माझी लेक," संपतराव म्हणाले. "पाय हिनं बरे केले."

"संपतराव, गेल्या पोळ्याला ह्याच कळपात म्या निम्मी लंगडी मोजली होती."

"व्हय. ती चूक माझी होती. लोखंडात औषध कालवत होतो. त्यानं औषध मरतं. हिनं दाखवलं म्हनून कळलं."

ते इतकं सरळ म्हणाले की शिवहारनं जीपच्या बॉनेटवरून मान वर केली. बापानं कुणासमोर चूक कबूल केलेली त्यानं पाहिली नव्हती.

सगळे वाडग्याशी आले. आता चहा झाला. अमृतरावानं बशी खाली ठेवली. "दोन वर्सं इचारून राह्यलो, संपतराव. दर बारीला तुमी 'पाहू' म्हनता. आज बी पाहूच म्हनायचं आसंल तर मी उठतो. अंधार पडायच्या आत मला सेनगाव गाठायचंय."

सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. दीपमालाला वाटलं, आबा ठेवतो म्हणतील. तसं म्हणाले तर उद्यापासून कोण हाकणार, याचा हिशेब ती मनात मांडू लागली होती.

संपतरावांनी काठी घेतली. उठायला कुणाचा हात मागितला नाही. दोनदा प्रयत्न करून उठले आणि वाडग्याच्या फाटकापर्यंत गेले. पहिली मेंढी बाहेर आली, तिच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बोलले.

"लंगडी होती तवर देऊ कुनाला, म्हनून थांबलो होतो. समदा कळप टेम्पोत घालवेना, आन् तुमी नेली नसती." त्यांनी गुडघ्याकडे बघितलं. "आता चालतात. मीच चालत न्हाई. मला हे व्हत न्हाई आता, अमृतराव. कळप तुमचा. आजच घेऊन जा."